दोन माशांची अशर्फी

प्रश्न : आमच्या घरात पुतळ्यांची एक जुनी माळ आहे. तिच्या मधोमध एक मोठे, जाड सोन्याचे नाणे ओवलेले आहे. एका बाजूला फारसी अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूला दोन मासे, त्यांच्यावर मुकुट आणि दोन्हीकडे निशाण धरलेले दोन वाघ आहेत. आमचे एक पूर्वज दुसऱ्या बाजीरावांबरोबर ब्रह्मावर्ताला गेले होते, त्यामुळे घरात सगळे याला ‘पेशव्यांची मोहोर’ म्हणतात. सराफाने वजन करून ‘अकरा मासे भरते, कस उत्तम आहे, उजळून नवीन काही घडवून घ्या’ असे सुचवले. सूनबाईचे माहेर लखनौचे. ती म्हणते, हे मासे आमच्या गावात दारोदार दिसतात. खरे काय? पेन्सिलीने घासून घेतलेला छाप सोबत पाठवत आहे. (एक वाचक भगिनी, वाई)

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. आणि आधी एक विनंती : माळ सराफाकडे असेल तर आजच घरी आणा.

तुम्ही पाठवलेला छाप मी दिव्याखाली बराच वेळ पाहिला. पातळ कागद नाण्यावर ठेवून मऊ शिशाची पेन्सिल फिरवायची, ही आपल्याकडची शाळकरी युक्ती. पण फोटोत सोने चमकते आणि अक्षरे विरघळतात, तर या छापात प्रत्येक उठाव दिसतो. फारसीच्या बाजूला तुम्ही ‘नक्षी’ म्हणून गोल केलेला भाग नक्षी नाही, तो आकडा आहे. एक उभी रेघ, मग एक दात असलेली रेघ, मग दोन दातांची, आणि शेवटी बदामासारखा आकार. १, २, ३, ५. हिजरी १२३५, आपल्या हिशेबाने ऑक्टोबर १८१९ ते ऑक्टोबर १८२०.

या काळात पुण्यात पेशवाई उरली नव्हती. बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि पुढे कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला, पेन्शनवर राहिले. त्यांच्या नावाची मोहोर १८१९ साली निघणे शक्य नव्हते. पण बिठूरहून गंगा ओलांडली की पलीकडचा तीर अवधच्या राज्याचा, आणि त्या राज्याची राजधानी लखनौ. तुमच्या पूर्वजांच्या हाती हे नाणे कसे आले, ते कागद सापडल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र तुमच्या घरातल्या बिठूरच्या आठवणीला हे नाणे खोटे पाडत नाही. घराण्याचा मुक्काम बरोबर लक्षात राहिला, फक्त नाण्याचा धनी बदलला.

तो धनी म्हणजे गाजीउद्दीन हैदर, अवधचा पहिला बादशहा.

त्याचे घराणे मूळचे इराणातले, खुरासानातल्या निशापूरचे. सआदत खान बुऱ्हानुल्मुल्क १७२२ मध्ये मोगलांचा अवधचा सुभेदार झाला. त्याच्यानंतरचा सफदरजंग मोगल साम्राज्याचा वजीर झाला, म्हणून या घराण्याला ‘नवाब वजीर’ म्हणू लागले. सफदरजंगाचा मुलगा शुजाउद्दौला. हे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. १७६१ मध्ये पानिपतावर तो अब्दालीच्या बाजूने उभा होता. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊसाहेब यांच्या देहांवर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून रदबदली केली तीही त्यानेच. त्याच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी पंडित होता. पानिपतचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत त्याने लिहून ठेवला म्हणून हे आपल्याला कळते. शुजाचा मुलगा आसफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, आणि पुढे मोठा इमामबाडा आणि रूमी दरवाजा बांधला. शुजाचाच दुसरा मुलगा सआदत अली खान. त्याच्याकडून ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ च्या तहाने जवळजवळ अर्धे राज्य काढून घेतले. गाजीउद्दीन त्याचा मुलगा. तो १८१४ मध्ये गादीवर आला तेव्हा राज्य अर्धे झालेले होते, पण खजिना भरलेला होता.

त्या खजिन्याकडे कलकत्त्याचे लक्ष होते. नेपाळच्या युद्धासाठी कंपनीला पैसा हवा होता. गाजीउद्दीनने एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, मग आणखी एक कोटी दिले. दुसऱ्या कोटीच्या बदल्यात त्याला नेपाळकडून जिंकलेल्या तराईचा पट्टा मिळाला. असल्या कर्जांच्या व्याजातून राजघराण्यातल्या माणसांना आणि आश्रितांना पिढ्यान्‌पिढ्या पेन्शन द्यायची, असे ठरत गेले. त्या पेन्शनीला ‘वसीका’ म्हणतात. लखनौमध्ये वसीका कचेरी आजही आहे. वाटण्या होत होत काही वारसांच्या वाट्याला महिन्याला मोजके रुपये येतात. तरी ते घेण्यासाठी लोक तिथे जातात, कारण वसीकेदार म्हणून नाव लागते ते त्यांना मोलाचे वाटते.

आता तुमच्या नाण्याच्या गाभ्याशी येऊ. १८१९ पर्यंत लखनौच्या नाण्यांवर नवाबाचे नाव कधीच नव्हते. नाव असे मोगल बादशहा शहाआलमचे. शहाआलम १८०६ मध्येच वारला, दिल्लीत त्याचा मुलगा दुसरा अकबर गादीवर बसला, तरीही लखनौची टांकसाळ मेलेल्या बादशहाचे नाव छापत राहिली. यात लखनौने काही वेगळे केले नाही. आपल्याकडे पेशवाईतला अंकुशी रुपया घ्या किंवा नागपूरकर भोसल्यांचा रुपया घ्या, त्यांवर मोगल बादशहांचीच नावे आहेत. मुलूख मराठ्यांचा, टांकसाळ मराठ्यांची, आणि अक्षरे दिल्लीच्या बादशहाची. बाजारात नाणे चालण्यासाठी ओळखीचे नाव लागते आणि सराफाची नजर नव्या नावाला बिचकते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मोठे आहे. आपल्या भागात खुत्बा आणि सिक्का, म्हणजे शुक्रवारच्या नमाजात नाव आणि नाण्यावर नाव, या राजेपणाच्या दोन खुणा मानल्या जात. स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे ही उघड घोषणा होती, आणि ती करण्याआधी माणूस दहादा विचार करी.

म्हणूनच ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी होन पाडला, त्यावर देवनागरीत एकीकडे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ अशी अक्षरे घातली, याची थोरवी मला दर वेळी नव्याने जाणवते. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा तो होन आज अगदी मोजक्या संख्येने उरला आहे. तुमच्या माळेतली अशर्फी, म्हणजे सोन्याची मोहोर, वजनाने त्याच्या जवळजवळ चौपट भरते. पण दोन्ही नाणी एकाच जातीची आहेत, कारण दोन्ही ‘मी राजा आहे’ असे सांगण्यासाठी पाडलेली आहेत.

फरक आहे तो पाठबळात. महाराजांनी कोणाला विचारले नव्हते. गाजीउद्दीनला राजा होण्याची सूचनाच कंपनीने केली. त्या वेळचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज. (वॉरन हेस्टिंग्ज नव्हे, तो १७८५ मध्येच परत गेला होता. ही गल्लत पुष्कळ पुस्तकांतही दिसते.) याच लॉर्ड हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत पेशवाई बुडाली. एकीकडे पुण्याची गादी मोडली आणि दीड वर्षाच्या आत दुसरीकडे लखनौला नवे सिंहासन उभे करून दिले, हे दोन्ही निर्णय एकाच माणसाचे. हेतू उघड होता. अवधचा नवाब दिल्लीचा वजीर राहिला नाही की दिल्लीचा बादशहा आणखी एकटा पडतो. हिजरी १२३४ च्या शेवटी, ऑक्टोबर १८१९ मध्ये, लखनौला राज्याभिषेक झाला आणि नवाब वजीराचा ‘बादशहा’ झाला.

एक गोष्ट मला या सगळ्यात फार खुपते. नवाबाला शहाआलमचे नाव सोडायला लावणारी कंपनी स्वतः मात्र बंगाल, बनारस, फर्रुखाबाद, सुरत अशा आपल्या टांकसाळींतून त्याच शहाआलमच्या नावाचे रुपये १८३५ पर्यंत काढत होती. त्या साली चौथ्या विल्यमचा चेहरा रुपयावर आला, तेव्हा कुठे तिने ते नाव सोडले. हैदराबादच्या निजामाने तर १८५७ पर्यंत नाण्यांवर दिल्लीचेच नाव ठेवले. गाजीउद्दीन तेवढा एकटा पुढे गेला. त्याला लोक खुशाल कंपनीच्या हातचे बाहुले म्हणतात. मला ते अपुरे वाटते. ज्याचे अर्धे राज्य बापाच्या हयातीत गेले, ज्याच्या दरबारात रेसिडेंटच्या सल्ल्याशिवाय पान हलत नाही, त्या माणसाला निदान स्वतःचे नाव सोन्यावर उमटवता आले, आणि ते त्याने मन लावून उमटवले. त्याच्या नाण्याची घडण पाहिली की हे पटते.

फारसी बाजूवर एक दोन ओळींची पद्यरचना आहे. तिचा आशय असा : उदार परमेश्वराच्या कृपेने उच्चकुलीन गाजीउद्दीन हैदर, काळाचा शहा, याने सोन्यारुप्यावर आपला शिक्का उमटवला. दुसरी बाजू मात्र हिंदुस्थानातल्या जुन्या नाण्यांत कुठेच बसत नाही. समोरासमोर दोन मासे, मध्ये कट्यार, वर मुकुट, आणि आधार म्हणून दोन्हीकडे मागच्या पायांवर उभे, हाती निशाण धरलेले दोन वाघ. हे थेट विलायती राजचिन्हाचे वळण. याचा आराखडा रॉबर्ट होम या इंग्रज चित्रकाराचा समजतात. होम १७९१ मध्ये हिंदुस्थानात आला, टिपूविरुद्धच्या मोहिमेत कॉर्नवालिसच्या सैन्याबरोबर फिरून त्याने चित्रे काढली, आणि १८१४ पासून तो लखनौच्या दरबारचा चित्रकार होता. नव्या बादशहासाठी मुकुट, खुर्च्या, नावा, सगळ्यांचे नमुने त्याने काढले. त्यांतले कित्येक कागद आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गाजीउद्दीनला ग्रंथांचीही हौस होती. ‘हफ्त कुल्जुम’ हा फारसी शब्दकोश सात भागांत त्याच्या नावाने लखनौच्या शाही छापखान्यात छापला गेला, १८२२ मध्ये.

वळण विलायती असले तरी मासे देशी आहेत. लखनौत सांगतात की पहिला नवाब सआदत खान नावेतून गंगा ओलांडत असताना एक मासा उडी मारून त्याच्या मांडीवर पडला. तो शुभशकुन समजून घराण्याने मासा जपला. या आख्यायिकेच्या जोडीला ‘माहीमरातब’ लक्षात घ्या. माशाची सोनेरी प्रतिमा काठीवर मिरवण्याचा हा मोगली मान. तो मराठ्यांनाही मिळाला होता. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यात आले आणि फर्मानबाडीच्या समारंभात सवाई माधवरावांना बादशाही वस्त्रे अर्पण झाली, तेव्हा त्या मानचिन्हांत माहीमरातब होते. तेव्हा हा मासा आपल्याला परका नाही. लखनौत तो कैसरबागेच्या दरवाजांवर आहे, इमामबाड्याच्या कमानींवर आहे, आणि आज उत्तर प्रदेश सरकारच्या राजमुद्रेतही दोन मासे आहेत. सूनबाईंना ते दारोदार दिसतात ते यामुळे.

अशी अशर्फी दुर्मीळ का? सोने बाजारात फिरायचेच नाही. भाजीवाल्याला, शिपायाला, कारकुनाला रुपये आणि पैसे मिळत. अशर्फी दरबारात रुमालावर ठेवून नजर करायची, लग्नात द्यायची, तिजोरीत ठेवायची. तिचा भाव सोळा रुपयांच्या आसपास धरत, पण तो सोन्याबरोबर वरखाली होई. मुळात पाडली थोडी. पुढे फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि शेवटचा बादशहा वाजिद अली शहा याला कलकत्त्याला जावे लागले. मार्च १८५८ मध्ये इंग्रज फौजेने लखनौ परत घेतले तेव्हा कैसरबाग लुटली गेली. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल तिथे होता, त्याने त्या लुटीचे वर्णन लिहून ठेवले आहे. आणि जे लुटीतून वाचले ते नंतरच्या दीडशे वर्षांत सोनाराच्या मुशीत गेले. बांगड्या झाल्या, पाटल्या झाल्या. तुमच्या सराफाचा सल्ला त्याच वाटेवरचा आहे. त्याच्या मनात वाईट नाही, पण तो ऐकू नका.

आता काय करावे ते सांगतो. नाणे उजळू नका. रिठ्याचे पाणी, ब्रश, पावडर काही लावू नका, दोन शतकांत सोन्यावर जी साय धरते तीच अभ्यासकाला हवी असते. कसोटीच्या दगडावर कड घासू देऊ नका. ओवण्यासाठी वर कडी डाखलेली दिसते. त्यामुळे संग्राहकाच्या लेखी किंमत कमी होते हे खरे, पण ती कडी काढायला गेलात तर डाखाबरोबर अक्षरे जातील. शिवाय ती कडी तुमच्या घराण्याचा पुरावा आहे. कोणीतरी हे नाणे गळ्यात घातले होते. वजन अकरा मासे, म्हणजे १०.७ ग्रॅमच्या आसपास, हे मोहोरेच्या मापाला बरोबर जुळते. नकली नाणी बहुधा ओतीव असतात, त्यांची अक्षरे साबणाच्या वडीवरल्यासारखी बोथट असतात आणि कडेला सांधा दिसतो. तुमच्या छापातली अक्षरे धारदार आहेत. तरीही शेवटचा शब्द नाणे हातात घेणाऱ्याचा.  नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. लखनौला सूनबाईंच्या माहेरी गेलात तर बनारसी बागेत, प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच राज्य संग्रहालय आहे. कॅनिंग कॉलेजात शिकवणाऱ्या सी. जे. ब्राउन यांनी तिथल्या मोगल नाण्यांची सूची १९२० मध्ये प्रसिद्ध केली, इतका तो संग्रह जुना आहे. आणि एक कायद्याची गोष्ट : शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या नातवाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

तुमच्या छापात पद्याच्या बाजूचा डावा कोपरा उमटलेला नाही, कडीमुळे कागद वर उचलला गेला असावा. कागद दुमडून, फक्त तेवढ्याच भागाचा आणखी एक छाप पाठवाल का?

प्रश्न : मी कानपूरला शिकतो. आजोबांनी दिलेल्या चांदीच्या रुपयावर मासा आहे. इथल्या एका जाणकाराने फारसी वाचून ‘मुहम्मदाबाद बनारस, साल २६’ असे सांगितले, पण हा रुपया लखनौचा आहे असेही तोच म्हणतो. बनारस लिहिलेले नाणे लखनौचे कसे? (एक विद्यार्थी, मूळ गाव लातूर)

उत्तर : जाणकार योग्य सांगतो. बनारस १७७५ च्या तहाने नवाबाच्या हातून कंपनीकडे गेले. मुहम्मदाबाद हे त्या शहराचे टांकसाळीतले नाव. बनारसचा रुपया बाजारात मान्यता पावलेला होता, म्हणून नवाबाने लखनौच्या टांकसाळीत तेच नाव चालू ठेवले. २६ हे शहाआलमच्या राज्याचे वर्ष, १७८४-८५ चे. महादजी शिंदे वकील-इ-मुत्लक, म्हणजे बादशहाचे मुखत्यार, झाले ते याच वर्षात, डिसेंबर १७८४ मध्ये. पुढे हिजरी साल बदलत राहिले, पण हा २६ चा आकडा गोठवला गेला. त्या काळी जुन्या सालाच्या रुपयावर सराफ बट्टा कापत. साल कायमचे एकच असले की ती तक्रार राहत नाही. कंपनीच्या खऱ्या बनारसी रुपयांवर गोठवलेले साल १७ असते, त्यावरून दोन्ही ओळखता येतात. लोक लखनौच्या या रुपयाला ‘मछलीदार’ म्हणत.

तुमच्या रुपयावर हिजरी साल १२२९ असेल तर टांकसाळीचे नाव पुन्हा एकदा नीट वाचून घ्या. ‘मुहम्मदाबाद बनारस’ असेल तर तो १८१४ चा साधा मछलीदार. पण ‘सूबा अवध’ असेल, तर असे रुपये अभ्यासक १८५७ च्या उठावाशी जोडतात. वाजिद अली शहाची बेगम हजरत महल हिने आपल्या लहान मुलाला, बिर्जीस कद्रला, जुलै १८५७ मध्ये लखनौच्या गादीवर बसवले ते दिल्लीच्या बादशहाचे वर्चस्व मान्य करून. मधल्या काळात अवधला स्वतःचे पाच बादशहा होऊन गेले होते, त्यांच्या नावांच्या अशर्फ्या आणि रुपये निघाले होते. तरी कंपनीशी लढायची वेळ आली तेव्हा लखनौच्या ठशावर पुन्हा जुने साल २६ आणि शहाआलमचे नाव आले.